दुसरी वेलांटी

पहिल्यांदा त्या नंबरवर बोलले तेव्हा मी विचारलं, "तिथे पार्किंगची सोय आहे का?"

माझ्याकडे गाडी नाही. मला चालवताही येत नाही. पण पलीकडून एका बाईंचा शांत आवाज "हं, बोला" म्हणाला आणि माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. त्या म्हणाल्या, "आहे की, भरपूर जागा आहे." मग मीटिंगची वेळ सांगितली. "जिन्यानं वर या, दार उघडंच असतं." मी म्हटलं, माझ्या भावासाठी विचारतेय, आणि फोन ठेवला. मला भाऊही नाही.

त्याआधी दोन वेळा नुसती रिंग देऊन कट केला होता.

गेल्या महिन्यात ओळखीच्या एकीनं अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंग असतात, त्या सापडतात कशा गं? आणि आत गेल्यावर करतात काय?" कुणासाठी विचारतेस, हे मी विचारलं नाही. तिला जे सांगितलं ते आणि जे राहून गेलं तेही इथे लिहितेय.

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. पिण्याबद्दल फार लांबण लावत नाही. रात्री प्रुफं वाचताना एक ग्लास, मग दोन, मग कामाला बसण्याआधी, मग कामाऐवजी. बाटली जाड शब्दकोशांच्या मागे असायची. घरात शब्दकोश माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, त्यामुळे जागा चोख होती. पिण्याच्या गोष्टी ऐकायला गेलं तर सगळ्यांच्या सारख्याच निघतात, आणि सांगणाऱ्याला वाटतं तितक्या त्या रंगतदारही नसतात.

या लेखावर नाव नाही, ते लाजेपोटी नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे या मीटिंग चालवणाऱ्या एए संघटनेच्या, ग्रुप कसे चालवायचे याच्या ज्या बारा परंपरा आहेत त्यातली अकरावी सांगते की वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा अशा जाहीर ठिकाणी सभासदानं आपली ओळख उघडी करू नये. मला ते पटतं. उद्या मी इथे फोटो टाकून मिरवले आणि परवा पुन्हा प्यायला लागले, तर वाचणारा म्हणेल, बघा, काही उपयोग नाही त्या मीटिंगचा. आणि हे मी माझ्यापुरतं बोलतेय. एएची प्रवक्ती नाही. तिथे तसलं पदच नसतं.

तर, शोधणं. हे अवघड नाही. एए सुमारे १८० देशांत आहे, बहुतेक देशांत त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ आणि हेल्पलाइन असते, आणि तिथे गाव, वार, वेळ अशी यादी मिळते. काही देशांसाठी 'मीटिंग गाइड' नावाचं अ‍ॅपही आहे. यातलं काही जमलं नाही तर जवळच्या कुठल्याही मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकाला विचारावं. जुने सभासद अशा ठिकाणी स्वतःहून जात असतात, त्यामुळे तिथल्या माणसांकडे बहुधा चालू नंबर असतो.

मी यातलं काहीच केलं नाही. कुठून तरी एक जुनी यादी उतरवून घेतली, तिच्यात सगळ्यात लांबचा पत्ता निवडला (ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून), दोन बस बदलून गेले आणि दाराला कुलूप. आयुष्यात कुलूप बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. खालच्या माणसानं सांगितलं, "ते लोक वर्षभरापूर्वी दुसरीकडे गेले." कुठे, हे मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये मनाशी म्हणत होते, मी तर गेले होते बाई, आता त्यांचंच नाही तर मी काय करू. त्या रात्री हिशेब न ठेवता प्यायले.

आता कळतं की ग्रुप चालवणारे सगळे आपापली नोकरी-घर सांभाळून चालवतात. जागा बदलते, वार बदलतो, यादी मागे राहते. म्हणून जाण्याआधी फोन करायचा. काय बोलायचं ते सुचलं नाही तर पार्किंगचं विचारा. चालतं.

यादीत ग्रुपच्या नावापुढे 'ओपन' किंवा 'क्लोज्ड' असं लिहिलेलं असतं, त्याचा घोळ होतो. क्लोज्ड मीटिंग ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच. ओपनला कुणीही बसू शकतं: नवरा, आई, विद्यार्थी, नुसता बघायला आलेला माणूस. क्लोज्ड ऐकून मला वाटलं होतं की आत कुणी ओळखपत्र बघत असेल, डॉक्टरची चिठ्ठी मागत असेल. तसं काही नाही. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. इच्छा तपासायचं यंत्र कुणाकडे नाही, त्यामुळे तुम्ही म्हणाल ते खरं. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. मी अर्थातच भावाची बहीण म्हणून ओपन मीटिंगला गेले.

वाचनालयाच्या वरची खोली. घडीच्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, अठरा-वीस माणसं, सगळे पुरुष. फोनवरच्या बाई त्या दिवशी नव्हत्या. मी दाराजवळची खुर्ची पकडली. समोरच्या भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे एएमध्ये एकेक करून पार करायच्या बारा गोष्टींचा, मोठा फलक होता. पहिली पायरी, मद्यापुढे आम्ही शक्तिहीन झालो आहोत आणि आयुष्य आमच्या हाताबाहेर गेलं आहे हे आम्ही मान्य केलं, अशा अर्थाची. पण फलकावर छापलं होतं 'शक्तीहीन'.

दुसरी वेलांटी.

'शक्ती' सुटा लिहिला तर त्याला दुसरी वेलांटी बरोबर. पण तोच तत्सम शब्द समासात आधी आला की पहिली होते: शक्तिमान, शक्तिस्थान, शक्तिहीन. मी त्या वेलांटीवर मनातल्या मनात लाल खूण केली आणि मग पुढचा तास शिकारच केली. चौथ्या पायरीत अनुस्वार गेलेला. नवव्या पायरीत दोन शब्द चिकटलेले. लोक एकेक करून उभे राहत होते, "मी अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणत होते, बाकीचे एका सुरात त्याला नमस्कार करत होते, कुणी रडलं, कुणी हसवलं. माझ्या कानावर त्यातलं काही पडलं नाही. ज्यांना धड एक फलक छापून घेता येत नाही ते मला काय शिकवणार, असं ठरवून मी मीटिंग संपायच्या आधी उठले.

पहिल्या पायरीचं वाक्य मी त्या दिवशी पन्नास वेळा तरी पाहिलं असेल. वाचलं एकदाही नाही.

त्यानंतर अकरा महिने मी एएबद्दल वाचत बसले. हातात ग्लास घेऊन. न जाण्यासाठी भक्कम कारण हवं होतं आणि ते वैज्ञानिक असतं तर उत्तमच. पण झालं उलटंच. २०२० साली कॉक्रन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा एक मोठा आढावा आला होता, २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं. त्याचा निष्कर्ष असा की, आराखडा ठरवून एएकडे नेणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत सीबीटीसारख्या (विचार आणि वागणं बदलण्याचा मानसोपचार) इतर उपचारांपेक्षा सरस ठरतात. मी ते पान बंद केलं.

मग देवाची हरकत काढली. मी देव मानत नाही, आणि बारा पायऱ्यांमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो. ही हरकत खोटी नव्हती, म्हणून तिच्याबद्दल दोन शब्द. एएशिवाय इतर ग्रुप आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून आहे, तिथे देव नाही, पायऱ्या नाहीत, विचार आणि सवयी कशा बदलायच्या त्याचे तक्ते-स्वाध्याय असतात. वुमेन फॉर सोब्रायटी १९७५ मध्ये जीन कर्कपॅट्रिक या बाईंनी खास बायकांसाठी सुरू केलं. दोन्हींच्या ऑनलाइन मीटिंग असतात. मी स्मार्टच्या तीन मीटिंगना बसले, कॅमेरा बंद, माईक बंद. एका मीटिंगमध्ये पीतसुद्धा होते, हे कबूल करते. पद्धत मला आवडली होती. तिच्यातला फायद्या-तोट्याचा चौकोनी तक्ता मी अजून वापरते. पण बंद कॅमेऱ्याआड मी भिंतीवरच्या पालीसारखी होते. असून नसल्यासारखी. घराबाहेर पडून, जिना चढून, कुणाच्या तरी नजरेसमोर बसल्याशिवाय माझं काही व्हायचं नव्हतं. तुमचं वेगळं असू शकतं. ज्यांच्या गावात ग्रुप नाही किंवा घरातून निघताच येत नाही, त्यांच्यासाठी ऑनलाइन मीटिंग हीच खरी मीटिंग. फक्त कॅमेरा चालू ठेवा.

एएतल्या देवाचं म्हणाल तर तिसऱ्या पायरीत 'आम्हाला जसा समजला तसा' अशी पुस्ती जोडलेली आहे. त्या फटीतून बरेच नास्तिक आत शिरलेत. आमच्या ग्रुपमधले एक निवृत्त शिक्षक म्हणतात, "माझी उच्च शक्ती म्हणजे तुम्ही एकोणीस जण. एकट्यापेक्षा एकोणीस जास्त, हे गणित आहे." मला तेवढं पुरतं. प्रार्थनेच्या वेळी मी गप्प उभी राहते. आजवर कुणी हटकलेलं नाही.

अकरा महिने संपले ते एका मुखपृष्ठामुळे. एका प्रकाशकाचं काम होतं, फक्त कव्हर आणि पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीची पानं. लेखकाच्या आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. मी ते तीन वेळा तपासून 'छापावे' असा शेरा मारला. पुस्तक छापून आलं. प्रकाशक ओरडलासुद्धा नाही. म्हणाला, "ताई, तुमची तब्येत बरी नसते का हल्ली?" पुढचं काम आलं नाही. ती शेरा मारलेली प्रत मी काढून बघितली. सही माझीच, पण अक्षर ओळखू येईना, इतका हात थरथरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिणं बंद केलं, कुणाला न सांगता, आणि त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी वाचनालयाचा जिना चढले. या वेळी फोनवरच्या बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातांकडे. "शेवटचं कधी?" मी म्हटलं, परवा रात्री. "घाम येतो? झोप? भास वगैरे?" मी हो-नाही करत होते. त्यांनी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच पर्स उचलली. "आज मीटिंग राहू दे. डॉक्टरकडे जाऊ."

मला ते अपमानास्पद वाटलं. आले तर परत पाठवतात! ड्युटीवरच्या डॉक्टरनं नंतर समजावलं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो, म्हणजे भान जातं, नसलेलं दिसतं, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. मला चार रात्री ठेवून घेतलं, मेंदू शांत ठेवणारी औषधं दिली, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "मनाचा निश्चय करून घरातच सोडतो" असं म्हणणारी माणसं मला अजून भेटतात. तो निश्चय डॉक्टरला सांगून करा. दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. ती कुणी घ्यावीत हे डॉक्टर ठरवेल. मीटिंगमधल्या कुणी "गोळ्या घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस" असा सल्ला दिला तर हसून सोडून द्या. आमच्याकडेही एक जण असं म्हणायचा. एएची स्वतःची भूमिका मात्र सभासदांनी डॉक्टर बनू नये अशीच आहे.

डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच खोली, तीच दाराजवळची खुर्ची. त्या दिवशी एका जुन्या सभासदानं, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, एएची सुरुवात कशी झाली ते सांगितलं. मी ती गोष्ट वाचलेली होती, पण माझ्या उपयोगाचं त्यातलं काही मला दिसलं नव्हतं.

१९३५ चा मे महिना. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी आलेला. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा आहे, बारमधून गप्पांचा आवाज येतोय, आणि भिंतीवर गावातल्या चर्चची यादी आहे. त्यानं यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. मागणी विचित्र होती, मला दुसरा एखादा दारुडा गाठून द्या. फोन करता करता हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी गाठ पडली आणि त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या सर्जनला बोलावून घेतलं. डॉक्टर आदल्या दिवसाच्या पिण्यानं बेजार होते. पंधरा मिनिटं बसेन, त्याहून जास्त नाही, या बोलीवर आले. दोघं बोलत बसले ते रात्रीचे अकरा वाजून गेले.

"म्हणजे बघा," काका म्हणाले, "एएची सुरुवात कुणी उपदेश केला म्हणून झाली नाही. एकाला फोन करायची निकड होती आणि दुसऱ्याला पंधरा मिनिटांत सटकायचं होतं."

मी तेव्हा खुर्चीच्या काठावर, पर्स मांडीवर घेऊन बसले होते. सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला रडू आलं. कुणीही येऊन पाठीवर हात ठेवला नाही, "का रडता" विचारलं नाही. पुढचा माणूस उठून बोलायला लागला. मला ते क्रूर वाटलं. नंतर कळलं, तीच शिस्त आहे. कुणी बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, बोलून झाल्यावर त्याच्या बोलण्याची चिरफाड करायची नाही. प्रत्येकानं फक्त स्वतःचं सांगायचं. बायकांना याची किती सवय नसते, हे बायकाच जाणोत. सतरा वर्षांच्या संसारात मला सलग सहा मिनिटं, कुणी वाक्य न तोडता, बोलायला मिळालं ते त्या खोलीत.

त्या रात्री फलकावरचं वाक्य वाचलं. वेलांटीसकट.

सगळं गोड नाही. पुरुषांच्या ग्रुपमध्ये एकट्या बाईला अडचणी येतात. एक सभासद मीटिंगनंतर मेसेज पाठवायला लागला, आधी सुविचार, मग इतर. मी फोनवरच्या बाईंना सांगितलं, त्यांनी काकांना, काकांनी त्याला. मेसेज थांबले. तरी दोन आठवडे माझं पाऊल अडलं होतं. म्हणून नवीन बायकांना मी सांगते, नंबर आधी बाईलाच द्या, आणि स्पॉन्सर बाईच असू द्या. स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी या वाटेनं गेलेला सभासद, जो पायऱ्या समजावतो आणि ज्याला रात्री-अपरात्री फोन करता येतो. माझ्या स्पॉन्सर त्या फोनवाल्या बाईच. त्यांचा नियम एकच, "फोन प्यायच्या आधी कर. प्यायल्यावर केलास तर मी 'उद्या बोलू' एवढंच म्हणणार."

आणि पहिला ग्रुप आवडला नाही तर दुसरा बघा, दुसरा नाही तर तिसरा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. मी गेलेल्या एका ग्रुपमध्ये लोक फक्त पूर्वीच्या पिण्याच्या बढाया मारत होते. दुसऱ्या ग्रुपमध्ये पुस्तकातला एकेक परिच्छेद वाचून त्यावर बोलायचे, मला ते आवडायला हवं होतं पण मी तिथे लगेच प्रुफं तपासायला लागायचे. फक्त एक सांगते: 'आवडला नाही' आणि 'भीती वाटली' यातला फरक स्वतःला विचारून घ्या. मी अकरा महिने भीतीला नावड म्हणत होते.

सातव्या महिन्यात माझी स्लिप झाली, म्हणजे मी पुन्हा प्यायले. काही वाईट घडलं म्हणून नाही, एक मोठं काम वेळेत संपलं म्हणून. स्वतःचं कौतुक करायला दुसरं काही सुचलं नाही. त्यानंतर मीटिंगला जाणं पहिल्या दिवसापेक्षा जड गेलं, कारण आता ते लोक मला ओळखत होते. मी उभी राहून म्हटलं, "आज माझा तिसरा दिवस." टाळ्या वाजल्या. मला वाटलं, यांना कळलं नाही का? कळलं होतं. काकांनी नंतर गोष्टीचा राहिलेला भाग सांगितला. बिलला भेटल्यावर डॉ. बॉब थोडे दिवस कोरडे राहिले, मग वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पार बुडाले. परत आल्यावर शेवटचं प्यायले तो दिवस १० जून १९३५ धरला जातो, आणि एए आपला स्थापनादिन तोच मानते. पहिल्या भेटीचा दिवस नव्हे, स्लिप झाल्यानंतरचा.

ते मला मोजायला बरं पडतं. माझाही सोबर वाढदिवस, म्हणजे पिणं सुटल्याचा दिवस, दुसऱ्या वेळचा आहे.

नवऱ्याबद्दल थोडं. तो सुरुवातीला म्हणायचा, "आजार तुला आहे, मी का जाऊ?" दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाची वेगळी संघटना आहे, १९५१ पासून, बिल विल्सनच्या बायकोनं, लोईसनं, एका मैत्रिणीसोबत सुरू केलेली. त्याची-माझी यावर दोन भांडणं झाली. मग एकदा मला न सांगता गेला. परत आला तेव्हा बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होता. "मी रोज शब्दकोश मोजायचो," तो म्हणाला. "पुढे सरकलेले असले की कळायचं." त्याला सगळं ठाऊक होतं आणि मला वाटत होतं जागा चोख आहे. त्याच्या मीटिंगमधलं तो मला सांगत नाही, मी विचारत नाही.

मी टिकले ती खुर्च्यांमुळे, असं मला वाटतं. दुसऱ्या महिन्यात काकांनी विचारलं, "ताई, तुम्ही जरा लवकर याल का? माझे गुडघे दुखतात, खुर्च्या मांडायला कुणी हवंय." गुडघे त्यांचे ठणठणीत आहेत हे नंतर समजलं. पण मी लवकर जायला लागले. सेवा, सेवा म्हणतात तिथे. मला त्या शब्दाची चीड होती. खुर्च्या मांडण्याची नव्हती. वीस खुर्च्या मांडायच्या आहेत म्हटलं की संध्याकाळी साडेसहानंतर पिता येत नाही, इतका साधा मामला होता. मग टोपली फिरवायचं काम आलं. बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही, भाडं-पुस्तकं सभासदांच्या खिशातूनच, असा दंडक आहे. टोपलीत कोण किती टाकतं ते बघायचं नाही, आणि नवीन माणसानं टाकलंच पाहिजे असं नाही.

आता चार वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात खोलीला रंग दिला तेव्हा फलक काढून ठेवला होता आणि कुणीतरी सुचवलं, ताई मुद्रितशोधक आहेत, नवीन छापून घेऊ, त्या तपासतील. मी तो घरी आणला. टेबलावर ठेवून लाल पेन घेतलं. सगळ्या चुका दुरुस्त करून नवीन मजकूर टाइप केला, छापायला देण्याइतका स्वच्छ. मग तो तसाच फाइलमध्ये राहिला, आणि जुना फलक मी परत नेऊन खिळ्याला अडकवला. काकांनी विचारलं, "चुका नव्हत्या?" मी म्हटलं, "आहेत थोड्या. बघू नंतर."

ग्रुपचा फोन सध्या माझ्याकडे असतो. परवा रात्री दोनदा रिंग वाजून बंद झाली. मी उलट फोन केला नाही. तसा करायचा नाही असं आमचं ठरलंय, कारण पलीकडे तो कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा एक तरुण मुलगी होती. बराच वेळ काही बोलली नाही. मागे टीव्ही चालू होता.

"हं, बोला," मी म्हटलं.

"ते... मीटिंग किती वेळ चालते? म्हणजे, मधून उठून जाता येतं का?"

"दीड तास. आणि हो, कधीही उठा, कुणी विचारत नाही."

"माझ्या मैत्रिणीसाठी विचारतेय."

"हो, हो," मी म्हटलं. "तिला सांगा, दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवते."